प्रवाळाचे सोबती

मुलांनो, भारताचा नकाशा समोर घ्या. केरळच्या किनाऱ्यावर कोची शहर शोधा. तेथून पश्चिमेकडे अरबी समुद्रात बोट सरकवा. दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर गेल्यावर निळ्या रंगात काही बारीक ठिपके दिसू लागतील. नकाशाची छपाई चांगली नसेल तर ते शाईचे डाग वाटतील. हेच लक्षद्वीप. सरकारी मोजणीप्रमाणे ही ३६ बेटे आहेत आणि त्यांपैकी फक्त १० बेटांवर वस्ती आहे. सर्व बेटांची मिळून जमीन जेमतेम ३२ चौरस किलोमीटर भरते. आपली मुंबई याच्या दहा पटींहून मोठी आहे. एवढ्याशा जमिनीवर २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६४ हजार माणसे राहत होती.

या बेटांवर डोंगर नाही. नदी नाही. आपल्या सह्याद्रीसारखा काळा कातळही नाही. कोठेही खणले तरी पांढरी वाळू आणि पांढरा चुनखडीचा दगडच लागतो. जमीन समुद्रसपाटीपासून एक-दोन मीटरच उंच आहे. मग ही जमीन आली कोठून?

ती प्राण्यांनी बांधली आहे. होय, मुंगीच्या आकाराच्या प्राण्यांनी! आणि त्या प्राण्यांनाही हे काम एकट्याने जमले नसते. त्यांच्या शरीरात राहणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या सोबत्यांनी त्यांना बळ दिले. या पाठात आपल्याला त्या सोबत्यांची ओळख करून घ्यायची आहे.

प्रथम प्राण्याचे नाव नीट समजून घेऊ. उर्दूत आपण ज्याला 'मूंगा' किंवा 'मर्जान' म्हणतो, त्याला मराठीत 'पोवळे' असा शब्द आहे. विज्ञानाच्या पुस्तकात 'प्रवाळ' हा शब्द येतो. अंगठीत बसवतात तो लाल खडा पोवळ्याचाच असतो, पण तो वेगळ्या जातीचा आहे. ती जात खोल, अंधाऱ्या पाण्यात वाढते आणि बेटे बांधत नाही. आपण बोलणार आहोत ते उथळ, उबदार समुद्रातल्या प्रवाळांविषयी. काही जुन्या मराठी पुस्तकांत 'प्रवाळकीटक' असा शब्द आढळतो. तो वाचून फसू नका. प्रवाळ हा कीटक नाही. त्याला सहा पाय नाहीत, पंख नाहीत. तो जेलीफिशचा नातेवाईक आहे.

प्रवाळाचा एक प्राणी म्हणजे 'पॉलिप'. लहानशी पिशवी डोळ्यांसमोर आणा. पिशवीला वरच्या बाजूला एकच तोंड. तोंडाभोवती बोटांसारखी मऊ शुंडके. बहुतेक पॉलिप काही मिलिमीटरांचेच असतात. रात्र झाली की ते शुंडके पसरतात आणि पाण्यातून वाहत येणारे सूक्ष्म जीव पकडतात. दिवसा बहुतेक जाती अंग आखडून बसतात. पॉलिप समुद्राच्या पाण्यातून कॅल्शिअम घेतो आणि आपल्या अंगाखाली कॅल्शिअम कार्बोनेटची, म्हणजे चुनखडीची, वाटी तयार करतो. एका पॉलिपपासून दुसरा फुटतो, दुसऱ्यापासून तिसरा. अशा हजारो पॉलिपांची एक वसाहत होते. जुने मरतात, त्यांच्या वाट्या राहतात. त्यांवर नवे वाढतात. दगडासारख्या गोलाकार प्रवाळांच्या कित्येक जाती वर्षाला सुमारे एक सेंटिमीटरच वाढतात. फांद्यांसारखे वाढणारे प्रवाळ मात्र वर्षात दहा-दहा सेंटिमीटर पुढे जातात.

हा पदार्थ तुमच्या घरीही आहे. अंड्याचे कवच बहुतांशी कॅल्शिअम कार्बोनेटचेच असते. कवचाचा तुकडा वाटीत ठेवा आणि त्यावर व्हिनेगर ओता. बुडबुडे येऊ लागतील आणि कवच हळूहळू विरघळत जाईल. प्रवाळाच्या तुकड्यावर व्हिनेगर ओतले तरी असेच होईल. मात्र त्यासाठी प्रवाळ आणायला जाऊ नका. भारतात दगडी प्रवाळांना कायद्याचे संरक्षण आहे. अंड्याचे कवच पुरे.

प्राण्यांनी बांधलेल्या चुनखडीच्या या उंचवट्याला 'प्रवाळभित्ती' म्हणतात. लक्षद्वीपची बेटे समुद्रात बुडालेल्या एका लांब डोंगररांगेच्या माथ्यावर उभी आहेत. डोंगर खचत गेले आणि प्रवाळ वर वाढत गेले. डोंगर दिसेनासा झाला तरी त्याच्या काठाने वाढलेले प्रवाळांचे कडे उरले. अशी बेटे कशी तयार होतात याचे हे स्पष्टीकरण चार्ल्स डार्विन यांनी १८४२ मध्ये आपल्या पुस्तकात मांडले होते. बांगडीच्या आकाराच्या या रचनेला 'कंकणद्वीप' म्हणतात आणि कड्याच्या आत अडकलेल्या उथळ, शांत पाण्याला भूगोलाच्या पुस्तकात 'खाजण' म्हणतात.

आता एक कोडे पाहू. लक्षद्वीपच्या खाजणातले पाणी काचेसारखे स्वच्छ असते. तळाची वाळू वरून दिसते. पाणी इतके स्वच्छ असते याचा अर्थ त्यात तरंगणारे सूक्ष्म जीव फार थोडे आहेत. सूक्ष्म जीव थोडे, म्हणजे अन्नही थोडे. समुद्राच्या हिशेबात हे गरीब पाणी आहे. आणि याच गरीब पाण्यात प्रवाळभित्तीवर माशांची, खेकड्यांची, शंखशिंपल्यांची केवढी गर्दी! जगातल्या समुद्रतळाच्या एक टक्क्याहूनही कमी भागावर प्रवाळभित्ती आहेत, परंतु समुद्रातल्या ज्ञात जातींपैकी सुमारे एक चतुर्थांश जातींचा त्यांच्याशी संबंध येतो. वाळवंटात भरलेला बाजार दिसावा, तसा हा प्रकार. रात्री पकडलेल्या चार सूक्ष्म जीवांवर पॉलिपचे पोट कसे भरते? आणि उरलेल्या शक्तीत तो दगड कसा बांधतो?

उत्तर पॉलिपच्या शरीरातच आहे. त्याच्या आतल्या थरातील पेशींमध्ये एकपेशीय शैवाल राहते. एका शैवालपेशीची रुंदी मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढी असते. प्रवाळाच्या एका चौरस सेंटिमीटरमध्ये अशा दहा लाख किंवा त्याहूनही जास्त पेशी सापडतात. म्हणजे तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत दहा लाख पाहुणे! जिवंत प्रवाळाला जो तपकिरी किंवा हिरवट रंग दिसतो, तो बहुधा या शैवालाचाच असतो. प्राणी स्वतः जवळजवळ पारदर्शक असतो.

कार्ल ब्रांट या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८१ मध्ये प्राण्यांच्या शरीरात राहणाऱ्या अशा पिवळसर पेशींना नाव दिले. त्यावरून पुढे या शैवालांना 'झुओझँथेली' म्हणू लागले. नाव उच्चारायला अवघड आहे. आपण त्यांना सोबती शैवाल म्हणू. ते नेमके कोण आहेत हे कळायला बराच काळ गेला. कावागुती या जपानी शास्त्रज्ञांनी हे शैवाल प्रवाळाच्या बाहेर काढून वाढवले, तेव्हा या गोल, निश्चल पेशींना शेपटीसारखे बारीक धागे फुटले आणि त्या पोहू लागल्या! १९४४ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. प्रवाळात गप्प बसलेला हा पाहुणा मुळात समुद्रात पोहणारा जीव होता.

आता या दोघांचा व्यवहार पाहा. शैवालात हरितद्रव्य असते. सूर्यप्रकाशात ते पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून साखर तयार करते. आपल्या शेतातले पीक करते तेच काम. पण तयार झालेल्या अन्नाचा मोठा वाटा ते यजमानाला देते. काही प्रवाळांत हा वाटा नव्वद टक्क्यांपर्यंत जातो. बदल्यात प्रवाळ काय देतो? राहायला सुरक्षित जागा देतो. उजेडाच्या जवळ बसवतो. श्वासातून निघणारा कार्बन डायऑक्साइड देतो आणि आपल्या शरीरातले टाकाऊ नायट्रोजन व फॉस्फरस देतो. एकाचा कचरा दुसऱ्याचे खत आणि दुसऱ्याची साखर पहिल्याचे जेवण. बाहेरच्या पाण्यात काही नसले तरी घरातल्या घरात हे चक्र फिरत राहते. स्वच्छ पाण्यातल्या गर्दीचे कोडे येथे बरेचसे सुटते. दोन वेगवेगळ्या जातींचे जीव असे एकमेकांच्या आधाराने जगतात त्याला 'सहजीवन' म्हणतात. उर्दूत 'हमजीस्ती' म्हणतात. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच आहे : बरोबर जगणे.

दगड बांधण्याच्या कामातही शैवालाचा हात आहे. टॉमस गोरो या शास्त्रज्ञांनी जमैका बेटाजवळच्या प्रवाळांवर प्रयोग केले. प्रवाळ किती कॅल्शिअम घेतो हे मोजण्यासाठी त्यांनी किरणोत्सारी कॅल्शिअम वापरले. १९५९ मध्ये त्यांनी दाखवले, की अंधारापेक्षा उजेडात प्रवाळ कित्येक पट वेगाने चुनखडी तयार करतो. म्हणूनच बेटे बांधणारे प्रवाळ उथळ आणि नितळ पाण्यात वाढतात. आपल्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती, मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. १९८७ मध्ये तेथे सागरी अभयारण्य घोषित झाले. पण कोकणच्या नद्या पावसाळ्यात भरपूर गाळ समुद्रात आणतात. पाणी गढूळ होते, उजेड खाली पोहोचत नाही. त्यामुळे मालवणला प्रवाळांचे लहान लहान तुकडेच दिसतात. लक्षद्वीपसारखी बेटे तेथे बांधली गेली नाहीत.

प्रवाळाच्या बहुतेक जातींत पिल्लू जन्माला येते तेव्हा त्याच्यात शैवाल नसते. आईकडून वारसा मिळत नाही. पिल्लू समुद्रातून तोंडावाटे शैवाल आत घेते. पण तोंडावाटे तर अन्नही आत जाते! मग पिल्लू ते पचवून का टाकत नाही? दोन्ही बाजूंच्या पेशींवरचे विशिष्ट पदार्थ एकमेकांशी जुळतात आणि 'हा आपला आहे' अशी ओळख पटते. ज्याची ओळख पटत नाही तो पचवला जातो किंवा बाहेर टाकला जातो. मला तर या सगळ्या विषयात ही गोष्ट सर्वांत नवलाची वाटते. डोळे नाहीत, मेंदू नाही, तरी पाहुणा आणि घास यांतला फरक कळतो.

असे सहजीवन समुद्रात इतर ठिकाणीही आहे. हवाई बेटांजवळ उथळ पाण्यात एक लहानसा स्क्विड राहतो. आपल्याकडे स्क्विडला माकूल म्हणतात, तुमच्यापैकी काहींनी तो खाल्लाही असेल. हवाईचा हा माकूल मात्र पूर्ण वाढला तरी तीन-चार सेंटिमीटरचाच. दिवसा तो वाळूत लपतो आणि रात्री शिकारीला निघतो. चांदण्या रात्री त्याची सावली खाली पडली तर मोठे मासे त्याला पाहतील. म्हणून त्याच्या पोटाकडच्या बाजूला एक खास अवयव असतो आणि त्यात चमकणारे जिवाणू राहतात. वरून जितके चांदणे येते, जवळजवळ तितकाच उजेड ते खाली टाकतात. सावली पुसली जाते. रोज पहाटे हा माकूल सुमारे ९५ टक्के जिवाणू बाहेर सोडून देतो. उरलेले पाच टक्के दिवसभरात वाढून संध्याकाळपर्यंत पुन्हा पुरे होतात.

प्रवाळातही शैवालाशिवाय इतर सूक्ष्म जीव असतात. त्याच्या अंगावर बुळबुळीत द्रवाचा थर असतो. त्यात आणि पेशींमध्ये अनेक प्रकारचे जिवाणू राहतात. काही जिवाणू नायट्रोजन उपलब्ध करून देतात, काही रोगजंतूंना वाढू देत नाहीत. म्हणून आज शास्त्रज्ञ प्रवाळाला एक प्राणी मानण्याऐवजी एक कुटुंब मानतात. प्राणी, शैवाल आणि जिवाणू या सर्वांची तब्येत ठीक असेल, तरच प्रवाळाची तब्येत ठीक.

आणि प्रवाळाची तब्येत ठीक असेल तरच बेटावरच्या माणसांची. ते कसे, हे पाहण्यासाठी लक्षद्वीपच्या अगदी दक्षिण टोकाला, मिनिकॉय बेटावर जाऊ.

मिनिकॉयचे मच्छीमार कुपा पकडतात. इंग्रजीत याला टूना म्हणतात. ते मोठी जाळी टाकत नाहीत. एकेका माणसाच्या हातात एकेक लांब काठी, काठीला दोरी आणि दोरीला गळ. अशी ही जुनी पद्धत आहे. पण गळाला कुपा लागण्याआधी त्याला होडीजवळ बोलवावे लागते. त्यासाठी मच्छीमार आधी खाजणात जाऊन लहान, चमकदार मासे जाळ्यात धरतात. होडीच्या तळाशी पाण्याची टाकी असते. तिच्यात समुद्राचे ताजे पाणी खेळते ठेवून हे मासे जिवंत सांभाळतात. मग होडी खोल समुद्रात जाते. कुप्यांचा थवा दिसला की चाऱ्याचे मासे मूठमूठ भरून पाण्यात फेकतात आणि वरून पाण्याचा फवारा मारतात. पाणी खळबळते. भरपूर शिकार आली असे वाटून कुपे होडीभोवती उसळतात. मग काठ्या वर-खाली होऊ लागतात आणि मासे धडाधड होडीत पडतात.

यात जिवंत चारा नसेल तर होडी बंदरातच उभी राहते. चाऱ्याच्या या लहान माशांपैकी अनेक जाती प्रवाळांच्या फांद्यांच्या आडोशाने राहतात. आता ही साखळी उलटी वाचा. कुपा चाऱ्यावर अवलंबून, चारा प्रवाळावर, प्रवाळ सोबती शैवालावर. शंभरावा भाग मिलिमीटरचा तो जीव घरातून निघून गेला, तर त्याचा धक्का मिनिकॉयच्या चुलीपर्यंत पोहोचतो.

पिण्याच्या पाण्याचेही तसेच. नदी नसलेल्या या बेटांवर पावसाचे पाणी प्रवाळाच्या वाळूत मुरते. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असते. त्यामुळे जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगत राहतो. विहिरींना तेच पाणी लागते. समुद्र बेटात घुसला तर हा थर खारट होतो. समुद्राला थोपवते ती प्रवाळभित्ती. जगभरातल्या मोजमापांवरून असे दिसले आहे, की किनाऱ्याकडे येणाऱ्या लाटांची सरासरी ९७ टक्के शक्ती प्रवाळभित्ती शोषून घेतात.

मग शैवाल घर सोडून का जाते? याची एक महत्त्वाची नोंद जुनी आहे. १९२८-२९ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांची एक तुकडी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफ या प्रसिद्ध प्रवाळभित्तीवर वर्षभर राहिली. मॉरिस याँग हे तिचे प्रमुख होते. १९२९ च्या कडक उन्हाळ्यात तेथील काही प्रवाळ पांढरे पडलेले त्यांनी पाहिले. उष्णतेने प्रवाळांनी आपले शैवाल बाहेर टाकले होते.

आज आपल्याला याचे कारण अधिक नीट समजते. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी केवळ एक अंश सेल्सिअसने अधिक तापले आणि चार-सहा आठवडे तसेच राहिले, की संकट सुरू होते. उष्णता आणि प्रखर ऊन यांमुळे शैवालातील अन्न तयार करणारी यंत्रणा बिघडते. साखरेऐवजी ऑक्सिजनचे विषारी प्रकार तयार होऊ लागतात. ते प्रवाळाच्या पेशींना इजा करतात.

हा भाग शिकवताना नववीच्या वर्गात एका मुलाने विचारले, "सर, उपाशी मरण्यापेक्षा प्रवाळाने शैवालाला थोडे सांभाळून का घेऊ नये?" प्रश्न चांगला आहे. घरातली चूल पेटून घरच जळू लागले, तर आपण चूल बाहेर फेकू. जेवणाचा विचार नंतर. प्रवाळ तेच करतो. शैवाल गेले की पॉलिपचे पारदर्शक शरीर उरते आणि त्यातून खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. याला 'प्रवाळाचे विरंजन' म्हणतात.

पांढरा प्रवाळ म्हणजे मेलेला प्रवाळ नव्हे, हे ध्यानात ठेवा. तो जिवंत असतो, पण उपाशी असतो. काही आठवड्यांत पाणी थंड झाले तर उरलेले थोडे शैवाल पुन्हा वाढते, किंवा बाहेरून नवे येते, आणि रंग परत येतो. उष्णता तशीच राहिली तर पॉलिप मरतो. मग त्या सांगाड्यावर दुसरेच, तंतूंसारखे शेवाळ उगवते. मासे निघून जातात. काही वर्षांत लाटा आणि बिळे करणारे जीव सांगाडा मोडून टाकतात.

१९९८ मध्ये एल निनोमुळे समुद्र तापला आणि पहिल्यांदाच जगभर एका वेळी विरंजन झाले. त्या एका संकटात जगातील सुमारे १६ टक्के प्रवाळ नष्ट झाले असा अंदाज आहे. लक्षद्वीपलाही मोठा फटका बसला. त्यानंतर २०१० मध्ये, २०१६ मध्ये आणि २०२४ मध्ये तेथे पुन्हा विरंजन झाले. अगत्ती, कडमत आणि कवरत्ती या बेटांवर शास्त्रज्ञांनी चोवीस वर्षे मोजणी केली. १९९८ मध्ये तेथे सुमारे ३७ टक्के तळ जिवंत प्रवाळाने झाकलेला होता. २०२२ पर्यंत हे प्रमाण सुमारे १९ टक्क्यांवर आले. विरंजनानंतर प्रवाळ पुन्हा वाढतात, पण त्यांना निवांत वर्षे मिळावी लागतात. पहिल्या दोन संकटांत बारा वर्षांचे अंतर होते. पुढे ते सहा आणि आठ वर्षांवर आले. जखम भरत असतानाच पुन्हा तेथेच मार बसतो आहे.

यात एक अन्यायही आहे. कोळसा आणि तेल जाळून हवेत जो कार्बन डायऑक्साइड जमा झाला, त्याने अडवलेल्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक उष्णता समुद्राने शोषून घेतली आहे. काठी आणि गळ घेऊन समुद्रात जाणाऱ्या मिनिकॉयच्या माणसाने त्यात किती भर घातली असेल? जवळजवळ काहीच नाही. पण विहीर त्याची खारट होणार.

शास्त्रज्ञ स्वस्थ बसलेले नाहीत. तुमच्यापैकी काहींचे वडील किंवा मामा, काका आखाती देशांत नोकरीला असतील. तेथील समुद्र उन्हाळ्यात ३४-३५ अंशांपर्यंत तापतो. एवढ्या पाण्यात लक्षद्वीपचे प्रवाळ टिकणार नाहीत. आखातातले प्रवाळ मात्र एरवी ही उष्णता सोसतात. २०१५ मध्ये असे दिसून आले, की दक्षिण आखातातील प्रवाळांत प्रामुख्याने उष्णता सहन करणारे एक वेगळेच शैवाल राहते. सोबती बदलला की सहनशक्ती बदलते! अर्थात या सहनशक्तीलाही मर्यादा आहे. फार तापलेल्या वर्षांत तेथेही प्रवाळ मेले आहेत.

मग असे सोबती तयार करता येतील का? ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी सोबती शैवालाच्या दहा वाणांना चार वर्षे प्रयोगशाळेत ३१ अंश तापमानात वाढवले. २०२० मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. दहांपैकी तीन वाण प्रवाळाच्या पिल्लांना दिल्यावर ती पिल्ले उष्णतेत अधिक टिकली. सात वाण बाहेर चांगले वाढत होते, पण पिल्लाच्या शरीरात गेल्यावर त्यांचा उपयोग झाला नाही.

दुसरा प्रयत्न जिवाणूंचा आहे. येथे मराठीतली एक गंमत सांगतो. 'विरंजन' आणि 'विरजण' हे शब्द सारखे दिसतात. अनेक मुले वहीत एकाच्या जागी दुसरा लिहितात. विरंजन म्हणजे रंग जाणे. विरजण म्हणजे दुधाचे दही लावण्यासाठी घालतो तो चमचाभर दह्याचा अंश. विरजणातून चांगले जिवाणू दुधात जातात. राकेल पेशोतो या ब्राझीलच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी नेमके असेच विरजण प्रवाळाला लावत आहेत. निरोगी प्रवाळांतून त्यांनी उपयुक्त जिवाणू वेगळे काढले, वाढवले आणि आजारी पडणाऱ्या प्रवाळांना दिले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात, उष्णतेचा मारा झालेल्या प्रवाळांच्या जगण्याचे प्रमाण या जिवाणूंमुळे ४० टक्क्यांनी वाढले. पुढे सौदी अरेबियात, जिद्दा शहराच्या उत्तरेला थुवल येथे, तांबड्या समुद्रातल्या प्रत्यक्ष प्रवाळभित्तीवरही त्यांनी हे प्रयोग सुरू केले. म्हणजे विरंजनावर विरजणाचा उपाय! हे दोन शब्द आता तुम्ही चुकणार नाही.

हे प्रयोग मोलाचे आहेत, पण त्यांच्याकडून भलती आशा धरणे बरे नव्हे. पाणबुड्याने एका प्रवाळाला जिवाणू द्यायचे, मग पुढच्याला. असे किती प्रवाळांना देणार? लक्षद्वीपच्या भित्तीच कित्येक किलोमीटर पसरल्या आहेत. आणि समुद्र तापतच राहिला तर आज टिकणारा सोबती उद्या टिकणार नाही. या उपायांनी फार तर थोडा वेळ मिळेल. पाणी तापण्याचे कारण हवेत आहे आणि ते जमिनीवरच्या चिमण्यांतून व मोटारींतून तेथे गेले आहे.

वेळेचा हिशेब बेटांनाही लागू आहे. समुद्राची पातळी आता वर्षाला सरासरी चार मिलिमीटरांहून अधिक वाढत आहे. जिवंत, निरोगी प्रवाळभित्ती वरच्या दिशेने वाढत राहते. भूतकाळात चढत्या समुद्राबरोबर ती अशीच वर आली आहे. मेलेली भित्ती वाढत नाही, ती फक्त झिजते. लाटा आणि जमीन यांच्यामधली भिंत खाली जाते आणि समुद्र वर येतो. लक्षद्वीपच्या ३६ बेटांत परळी-१ नावाचे एक निर्जन, चिमुकले बेट मोजले जात होते. बंगारम बेटाजवळचे हे बेट लाटांनी झिजत झिजत पूर्णपणे पाण्याखाली गेल्याची नोंद एका संशोधकाने २०१७ मध्ये केली. आता त्या जागी होडीतून जाता येते.